काश्मीरचे हिम

संस्कृत 'हिम' मराठीत 'हिंव' होऊन उतरले, तेव्हा त्याची शुभ्रता हिमालयातच राहिली. हिवाळा आणि हिवताप या शब्दांत महाराष्ट्राच्या वाट्याला केवळ गारठा आला. पुढे फारसीतून 'बर्फ' आला; आभाळातून भुरभुरणारे आणि कारखान्यात लादी होऊन गोठणारे या दोहोंना मराठीत तो एकच शब्द पुरला.

काश्मिरी माणसाचे तेवढ्यावर भागणारे नव्हते. त्याच्या भाषेत पडणारे हिम म्हणजे 'शीन', आणि वळचणीला लोंबणारी गोठलेल्या पाण्याची सुळकी म्हणजे 'शिशरगांठ'. शिशिर ऋतूने मारलेली जणू गाठच! पण खरी बारकाई आहे ती हिमाच्या वेळेविषयी. नीलमतपुराणातील कथेप्रमाणे प्राचीन काळी हिवाळ्याचे सहा महिने काश्मीर पिशाचांच्या स्वाधीन असे आणि माणसे चैत्रात परतत. नीलनागाच्या कृपेने बारमाही वस्ती झाली, तेव्हा पहिल्या हिमपाताचा उत्सवच सांगितला गेला. ज्याच्या भयाने घर सोडायचे, त्याचेच पूजन!

मात्र हिम अवेळी आले तर काय होते, हे कल्हणाने 1148 ते 1150 या काळात रचलेल्या राजतरंगिणीत सांगितले आहे. तुंजीन राजा इतिहासाच्या कसोटीस कितपत उतरतो, हा प्रश्न निराळा. त्याच्या राज्यातील दुष्काळाचे वर्णन मात्र ऐकीव वाटत नाही. भाद्रपदात पिकत आलेल्या भातावर अकस्मात हिम कोसळले, आणि भुकेपुढे माणसे बायकामुलांची मायाही विसरली.

म्हणूनच काश्मिरी लोकांनी हिवाळा नावे देऊन मोजला. 21 डिसेंबरपासून चाळीस दिवस 'चिल्लई कलान', मग वीस दिवस 'चिल्लई खुर्द' आणि शेवटचे दहा दिवस 'चिल्लई बच्चा'. 'चिल्ला' म्हणजे फारसीतील चाळिशी. कलान थोरला, खुर्द धाकटा. पुणे जिल्ह्यातील गावांच्या नावांत 'बुद्रुक'शेजारी बसणारा 'खुर्द' तो हाच. थोरल्या चाळिशीत फिरनच्या आत कांगडीचे निखारे बाळगून, उन्हाळ्यात वाळवून ठेवलेल्या भाज्यांवर दिवस काढावे लागतात. तरीही याच हिमाची वाट पाहिली जाते. कारण कडाक्याच्या थंडीत डोंगरावर घट्ट बसलेले हिम सावकाश वितळून उन्हाळ्यात झेलमला आणि भातखाचरांना पाणी पुरवते. धाकट्या चिल्ल्यातले हिम लवकर वाहून जाते.

2024 च्या जानेवारीत चिल्लई कलान तिथीप्रमाणे चालू होता आणि गुलमर्गचे उतार तपकिरी, उघडे पडले होते. हिम आले ते महिनाअखेरीस, थोरली चाळिशी सरता सरता.