कॉसमॉस बँक सायबर हल्ला (२०१८)

कॉसमॉस बँक सायबर हल्ला ही ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्यात घडलेली संगणकीय चोरीची घटना होय. १९०६ साली पुण्यात स्थापन झालेल्या कॉसमॉस या नागरी सहकारी बँकेच्या यंत्रणेत शिरकाव करून अज्ञात हल्लेखोरांनी सुमारे ९४.४२ कोटी रुपये लंपास केले. ग्राहकांच्या खात्यांतील रकमांना धक्का लागलेला नाही, असे बँकेने जाहीर केले.

घटनाक्रम

शनिवार, ११ ऑगस्ट रोजी काही तासांत २८ देशांतील एटीएम यंत्रांतून व्हिसा कार्डांच्या साहाय्याने सुमारे १२ हजार व्यवहार होऊन ७८ कोटी रुपये काढले गेले. भारतात रुपे कार्डांद्वारे सुमारे २,८०० व्यवहारांत अडीच कोटी रुपये गेले. सोमवार, १३ ऑगस्ट रोजी स्विफ्ट प्रणालीद्वारे १३.९२ कोटी रुपये हाँगकाँगमधील एका बँक खात्यात वळवण्यात आले. या प्रकरणी पुण्याच्या चतुःशृंगी पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवण्यात आला.

हल्ल्याची पद्धत

एटीएममध्ये कार्ड घातल्यावर रकमेची मागणी प्रथम बँकेच्या स्विचकडे जाते. स्विच ती कोअर बँकिंग प्रणालीकडे पाठवतो. तेथे खाते व शिल्लक तपासून होकार किंवा नकार दिला जातो. हल्लेखोरांनी मालवेअरच्या साहाय्याने बनावट स्विच उभा केला. तो मागणी पुढे न पाठवता स्वतःच होकार देत असे. त्यामुळे पैसे बाहेर जात असतानाही कोअर बँकिंग प्रणालीत त्याची चाहूल लागली नाही.

अमेरिकी शासनाने ऑक्टोबर २०१८ मध्ये याच धाटणीच्या 'फास्टकॅश' या हल्ल्यांविषयी इशारा प्रसिद्ध केला. आरंभी हे मालवेअर आयबीएमच्या एआयएक्स प्रणालीवर आढळले होते. २०२४ मध्ये त्याचे लिनक्सवर चालणारे रूपही उजेडात आले.

लिनक्स यंत्रांवरील देखरेख

लिनक्स यंत्र ज्या मार्गाने जाळ्याशी जोडलेले असते, त्यास नेटवर्क इंटरफेस म्हणतात. प्रत्येक इंटरफेसवरून किती पॅकेट आली, किती गेली आणि किती गळाली, याची मोजणी कर्नल सतत ठेवतो. 'आयपी' ही आज्ञा ती मोजणी दाखवते. 'एसएस' ही आज्ञा कोणते पोर्ट उघडे आहेत व कोणाशी जोडणी चालू आहे, हे सांगते. 'टीसीपीडंप' प्रत्यक्ष पॅकेट टिपून घेते. 'एनएफटेबल्स'च्या नियमांनी अनावश्यक जोडण्या रोखता येतात.

वरील प्रकारच्या हल्ल्यात केवळ एका यंत्राची नोंद पाहणे अपुरे ठरते. स्विचकडे आलेल्या मागण्या आणि कोअर बँकिंगकडे गेलेल्या मागण्या यांचा मेळ घालावा लागतो. एका बाजूस वर्दळ आणि दुसऱ्या बाजूस शांतता असेल, तर ती शांतता हीच धोक्याची खूण असते.

मर्यादा

हल्लेखोराने यंत्राचा पूर्ण ताबा मिळवला, तर त्या यंत्रावरील आज्ञा खोटी माहिती दाखवू शकतात. म्हणून जाळ्यातील वाहतुकीची प्रत वेगळ्या यंत्राकडे पाठवून तेथे ती तपासतात आणि नोंदीही अन्यत्र साठवतात. सांकेतिक स्वरूपातील पॅकेटांचा मजकूर वाचता येत नाही. मात्र ती कोठून कोठे व किती गेली, हे कळते.

तपास व निकाल

संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०१९ च्या अहवालात या हल्ल्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. एप्रिल २०२३ मध्ये पुण्यातील न्यायालयाने ११ आरोपींना दोषी ठरवून कारावासाची शिक्षा सुनावली.