आधी ग्राइंडर, मग मशीन

घरी एस्प्रेसो करायची म्हटलं की आपण आधी मशीनच्या किमती बघतो. इतिहास मात्र उलटं सांगतो. १९०१ साली मिलानच्या लुइजी बेझेराने एस्प्रेसो मशीनचं पेटंट घेतलं, तेव्हा दाब वाफेचा, जेमतेम १.५ बार. १९४८ मध्ये अकिले गाज्जियाचं लिव्हरवालं मशीन आलं आणि दाब ८-९ बारवर गेला. आता एवढ्या दाबाच्या पाण्याला अडवणार कोण? फक्त कॉफीची पूड! तीत जाडे-बारीक कण असले तर पाणी वाट मिळेल तिथून पळतं आणि कॉफी एकाच वेळी आंबटही लागते, कडूही. मिक्सरचं पातं दाणे नुसते फोडतं. चांगल्या ग्राइंडरच्या दोन चकत्या जात्यासारख्या एकसारखं दळतात. योगायोग म्हणजे, ग्राइंडर बनवणारी मात्सेर कंपनीही १९४८ चीच. तेव्हा मंडळी, बजेट तोकडं असेल तर काटछाट मशीनमध्ये करा, ग्राइंडरमध्ये नको.