महाडच्या बाजारातील खेळाचे दुकान

ह्या व्याख्यानाचा विषय आम्ही कळविला तेव्हा चालकांनी मोठ्या आदबीने विचारले, “खेळांचा इतिहास, असे छापू का?” त्यांचा हेतू चांगला होता. दुकान म्हटले की श्रोते कमी येतील, अशी त्यांना धास्ती वाटली असावी. पण खेळांचा इतिहास सांगणारे विद्वान पुष्कळ आहेत. खेळ विकून ज्यांनी संसार केले त्यांचा इतिहास सांगावयास कोणी बसत नाही. रायगडावरील बाजारपेठेच्या जोत्यांविषयी आम्ही चवीने बोलतो. त्याच गडाखालच्या महाडात पत्त्यांचा कॅट कोण विकत होता, हे मात्र आमच्या खिजगणतीतही नसते.

पहिली गोष्ट ही की, पुष्कळ काळपर्यंत असे दुकान असण्याचे काही कारणच नव्हते. सागरगोटे रानातल्या काटेरी वेलीवर फुकट मिळत. विटी आणि दांडू झाडाच्या फांदीतून निघत. लगोरीला खापऱ्या किंवा चपटे दगड पुरत. भोवरा सुतार करून देई; त्याला वर्षाचे बलुते मिळे, त्यात पोराचा भोवरा कोण वेगळा मोजतो? सारीपाटाला कापडाचा पट आणि कवड्या लागत, त्या घरच्या पेटीत आजीच्या वेळेपासून असत. मंगळागौरीच्या खेळांना तर हातपायांखेरीज भांडवलच नाही. ज्या समाजात खेळाचे साहित्य असे दारातच उगवते, तेथे दुकानदार बिचारा विकणार काय?

खेळणे विकत घेण्याचा प्रसंग येई तो जत्रेत. महाडचे ग्रामदैवत वीरेश्वर. महाशिवरात्रीच्या सुमारास त्याचा छबिना निघतो, गावोगावच्या पालख्या येतात आणि त्यांच्यामागून खेळण्यांची पाले येतात. लाकडी खेळण्यांचे नाव निघाले की कोकणात सावंतवाडीचेच नाव घेतात. तेथील चितारी लोक लाखेच्या रंगकामाबरोबर गंजिफाही रंगवीत. दशावतारी गंजिफा म्हणजे दहा अवतारांचे प्रत्येकी बारा, असे एकशेवीस गोल पत्ते, एकेक हाताने रंगविलेला. ज्याने केला त्यानेच विकला, असा तो व्यवहार. छापील बावन्न पत्ते स्वस्त दरात आले आणि हा धंदा इतका खचला की, १९७० नंतर सावंतवाडीच्या शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी भोसले ह्यांनी एका वृद्ध चिताऱ्याकडून ती विद्या शिकून घेतली, म्हणूनच ती टिकली. कारागीर मागे पडला, तेथे दुकानदार पुढे आला. आमच्या विषयाचा आरंभ येथून होतो.

महाड हे सावित्रीच्या काठचे जुने बंदर. बाणकोटच्या खाडीतून भरतीबरोबर होड्या वर येत, मोठ्या गलबतांची मजल दासगावपर्यंत. मुंबईचा माल ह्याच वाटेने चढे, आणि पुढे पोलादपूरकडे व घाटावर जाई. पुढे रस्ते झाले, १९४८ नंतर एस.टी. आली, खाडीची वाट ओस पडली. १९९३ साली कोकण रेल्वे वीरपर्यंत पोचली; पोलादपूर तालुक्याला मात्र तिचे स्थानक मिळाले नाही. त्यामुळे पोलादपूरच्या दुकानदाराने महाडला यावे, महाडच्या दुकानदाराने मुंबईला जावे, असा क्रम चालत राहिला.

हे दुकान सुरुवातीला स्वतंत्र नव्हतेच. वह्या, शाई, रिबिनी, आरसे, फण्या ह्यांच्या पलीकडे एक फळी खेळांची. त्या फळीवरचा माल कोणी ठरविला? दुकानदाराने नव्हे, चाकरमान्याच्या पोराने. ह्या दोन्ही तालुक्यांतील कर्ती माणसे मुंबईच्या गिरण्यांत आणि गोद्यांत होती, घरे मनीऑर्डरीवर चालत. मे महिन्यात त्यांची मुले गावी येत, पिशवीतून ‘व्यापार’ काढीत, सापशिडी काढीत. गावच्या मुलांनी तो डाव चार दिवस पाहिला की पाचव्या दिवशी दुकानात विचारणा होई. गौरी-गणपतीत चाकरमानी पुन्हा येत. त्यांच्या रात्रींच्या जागरणांत झब्बू, मेंढीकोट, पाच-तीन-दोन ह्यांना ऊत येई आणि पत्त्यांचे कॅट भराभर खपत. भात कापून खाचरे मोकळी झाली की क्रिकेट. पाऊस लागला की कॅरम. दुकानदाराचे पंचांग हे असे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा मनीऑर्डरी आटल्या आणि उधारीची वही जाड झाली. गिरणीचा भोंगा परळला बंद पडावा आणि महाडात चेंडू विकला जाऊ नये, हा संबंध अर्थशास्त्राच्या पुस्तकात सापडावयाचा नाही.

पत्त्यांबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा. पत्ते विकणे हा त्यात गुन्हा नाही, पण पत्त्यांची अब्रू गेली ती गेलीच. आमच्या लहानपणी दुकानदार कॅट दर्शनी ठेवीत नसे. शाळामास्तर दुकानात असले तर “आहेत का?” एवढेच विचारावे, कशाचे ते विचारू नये, अशी रीत होती. मास्तर स्वतः श्रावणात कोणाकडून कॅट मागवीत, ते आम्हांला पुढे कळले.

कॅरमची गोष्ट निराळी. बोर्ड एकदा घेतला की वीस वर्षे जातो. दुकानदाराला खरा पैसा पावडर, स्ट्रायकर, जाळ्या आणि हरवलेल्या सोंगट्या ह्यांत. पण पावडर घ्यावयास कोणी यावे तर आधी खेळ यावयास हवा. म्हणून ज्याला धंदा समजला त्याने दुकानाच्या ओट्यावर एक बोर्ड मांडून ठेवला. ज्या दुकानापुढे आम्ही वाढलो तेथे असाच बोर्ड होता, आणि गल्ल्यावरून मालकाचा आवाज येई, “राणीला आधार दे, नाहीतर परत ठेव!” बुद्धिबळात घोड्याची अडीच घरे, सापशिडीपलीकडच्या डावांचे इंग्रजी नियम, शटलकॉक फुगडे का उडते, हे सारे तेथेच कळे. आम्ही त्या दुकानातून विकत घेतले थोडे; शिकलो पुष्कळ.

परदेशांतील दुकानदारही पुढे ह्याच निष्कर्षाला आले. १९७४ साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा कल्पित साहसांचा खेळ निघाला, १९९३ साली ‘मॅजिक’ हा पत्त्यांचा. आणि तेथील दुकानदारांनी मालाच्या फळ्या कमी करून मेजे मांडली. मेजावर माणसे जमली तरच पाकिटे खपतात. आमच्या ओट्यावरच्या बोर्डाला कोणी असे शास्त्रीय नाव दिले नाही, इतकेच.

त्या ओट्याकडे आणखी एका दृष्टीने पाहावे असे आम्हांस वाटते. हे चवदार तळ्याचे गाव. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी हजारो माणसांसह त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, आणि तो हक्क उच्च न्यायालयात कायम होण्यास १७ मार्च १९३७ उजाडावे लागले. पाण्याला कोणाचा हात लागावा ह्यावर जेथे दहा वर्षे भांडण चालले, तेथे चार आळ्यांची चार पोरे एकाच स्ट्रायकरला बोट लावतात, ही क्षुल्लक बाब नव्हे. ओट्याने भेद मोडला असे आम्ही म्हणणार नाही. खेळ संपला की पोरे आपापल्या आळीला जात, आणि कोण कोणाच्या घरी पाणी पितो हे सर्वांना ठाऊक असे. तथापि खेळ चालू असता पाळी कोणाची, एवढाच प्रश्न असे.

पुढचा काळ झटपट सांगण्यासारखा आहे. दूरचित्रवाणीला जोडावयाचे खेळ आले, चिनी प्लॅस्टिक आले, मग मोबाइल आला. चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून मानक संस्थेची खूण सक्तीची झाली. पत्ते, कॅरम, बुद्धिबळ ह्यांवरील कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर उतरला. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायद्याने बंदी केली. जो कॅट दुकानदार गल्ल्याखाली लपवी, त्याची धास्ती पोराच्या खिशात जाऊन बसली होती, हे त्या कायद्याने मान्य केले.

कबड्डीचा मात्र दुकानदाराच्या दृष्टीने चमत्कार झाला. रायगड जिल्हा कबड्डीवेडा. पण पिढ्यानपिढ्या ह्या खेळाने दुकानदाराला दमडी दिली नाही. लंगोट आणि माती, संपले सामान! २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली, मॅटवरचा खेळ घरोघर दिसू लागला आणि वाडीवाडीच्या संघांना बूट, गुडघ्याचे पट्टे, नाव-क्रमांक छापलेली जर्सी हवी झाली. टेनिसच्या चेंडूवरच्या क्रिकेट सामन्यांना चषक लागतात, ते दरवर्षी उंच होत जातात. आज खेळाच्या दुकानात शिरावे तर प्रथम चषकच दिसतात. खेळापेक्षा बक्षीस अधिक खपते, ह्याचे आम्हांला अजून नवल वाटते.

आणि मग २२ जुलै २०२१. सावित्री आणि गांधारी बाजारात शिरल्या. त्याच दिवशी तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली, पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले. त्यापुढे दुकानाच्या मालाचे दुःख सांगू नये हे आम्ही जाणतो. पण इतिहासात तेही नोंदले पाहिजे. पाणी ओसरल्यावर आम्ही आमच्या त्या जुन्या दुकानात गेलो. प्लायवूडचे बोर्ड फुगून पापुद्र्यांना सुटले होते, पत्त्यांच्या विटा झाल्या होत्या, पुठ्ठ्याचे सारे डाव चिखल झाले होते. प्लॅस्टिकच्या बॅटी तेवढ्या धुऊन पुन्हा फळीवर चढल्या. उधारीच्या वहीतली शाई उतरली होती. “बरे झाले,” मालक म्हणाले, “तशीही कोणी देणार नव्हते.”

त्यानंतर त्यांनी पुठ्ठ्याचा माल भरणे जवळजवळ सोडले. गिऱ्हाइकाने मोबाइलवर चित्र दाखवावे, त्यांनी मुंबईहून मागवून द्यावे, असा व्यवहार झाला. हिशेबाने तो शहाणपणाचा आहे. पुराच्या गावात तळमजल्यावर कागद साठविणे हा जुगारच म्हणावयाचा. पण मागविलेला डाव बंद खोक्यात येतो आणि बंद खोक्यातच पोलादपूरच्या गाडीत चढतो. तो उघडून, पट पसरून, “बस, दाखवितो” म्हणणारे कोणी राहत नाही. मुंबई-पुण्यास आता तासावर पैसे घेऊन डाव शिकविणारी उपाहारगृहे निघाली आहेत. महाडात जे पावडरीच्या डबीवर फुकट मिळे, त्याचे तेथे दर लावले आहेत.

गेल्या आठवड्यात आम्ही पुन्हा त्या दुकानी गेलो होतो. आता पाऊस फार दूर नाही, म्हणून मालक खालच्या फळ्यांवरचा माल माळ्यावर चढवीत होते. चषक, जर्सी, बॅटी, सारे वर गेले होते. ओट्यावरचा नवा बोर्ड तेवढा खाली होता. तो कधी चढविणार, असे आम्ही विचारले. ते म्हणाले, “सहाच्या गाडीला पोलादपूरची दोन पोरे जातात. त्यांचा डाव व्हायचाय.”