मागच्या दाराची गाडी

इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३०च्या दशकात ड्यूसेनबर्ग एसजे ही मोटार स्वतःसाठी बनवून घेतली. चासी आणि इंजिन अमेरिकेचे, बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग कारखान्याची, रंग केशरी आणि काळा. सुमारे ६.९ लिटरचे आठ सिलिंडरचे इंजिन, आणि बसायला जागा जेमतेम दोघांना! ती मोटार पुढे परदेशी गेली आणि तिथे जिवापाड जपली गेली. होळकरांच्या माणिकबाग महालात आता केंद्राच्या कर खात्याची कचेरी आहे.

याच इंदुरात कुणी जुनी स्टेशन वॅगन घेऊन ती नव्याने उभी करायचे मनावर घेतले, तर त्याचे काम राजेशाही मोटार शोधण्यापेक्षा अवघड आहे. राजाची गाडी झाकून ठेवली जाते. वॅगनीच्या वाट्याला पोती, पेट्या आणि लग्नाचे वऱ्हाड येते.

तिचा जन्मच हमालीसाठी झालेला. अमेरिकेत रेल्वे स्टेशनवरून उतारू आणि त्यांचे सामान हॉटेलात पोचवणारी ती ही गाडी. नावही त्यावरूनच पडले. आरंभी मागची बॉडी लाकडी असे. सुतारकाम देखणे, पण पावसात सांधे सुटत आणि दरवर्षी वॉर्निश लावावे लागे. १९४६ साली विलीज कंपनीने ब्रुक्स स्टीव्हन्स यांच्या आराखड्यावरून संपूर्ण पोलादी बॉडीची वॅगन काढली. तिच्या बाजूच्या पत्र्याला लाकडी चौकटीचा भास देणाऱ्या उठावाच्या रेघा होत्या. लोकांची नजर अजून लाकडावरून हटली नव्हती, याचा तो पुरावाच.

भारतात ॲम्बॅसिडरची इस्टेट, म्हणजे स्टेशन वॅगन, निघाली. ॲम्बॅसिडर मूळची मॉरिस ऑक्सफर्ड सीरीज थ्री; १९५७च्या सुमारास उत्तरपाड्याला बनू लागली आणि २०१४पर्यंत चालली. इस्टेटचा पुढचा भाग नेहमीच्या गाडीचाच, त्यामुळे बॉनेट, हेडलाइट, डॅशबोर्ड मिळून जातात. खरी परीक्षा मागे असते. मागचे दार, त्याचे बिजागर, बाजूची लांब काच आणि काचेभोवतीचे रबर यांना दुसऱ्या गाडीचा भाग चालत नाही. म्हणून गाडी बघायला जाणारा जाणकार आधी इंजिनाकडे वळत नाही. तो मागचे दार उघडतो, चटई उचलतो, चाकांच्या वरचा पत्रा बोटाने दाबतो. इंजिन दुरुस्त करणारा मिस्त्री भेटतो. सडलेला पत्रा हाताने ठोकून मूळ वळण आणणारा फार थोड्यांना भेटतो.

इंजिनाची गोष्ट इंदूरकरांना जवळची आहे. ॲम्बॅसिडरच्या नंतरच्या १८०० सीसी मॉडेलचे इसुझू इंजिन शहराजवळच्या पिथमपूरला तयार होई. ते इंजिन बसवून जुनी ॲम्बॅसिडर चांगली पळते. पण २०२१च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांपुढच्या गाडीला ‘विंटेज’ म्हणून नोंदवायचे तर चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला चालत नाही. नोंदणी झाली की क्रमांकात ‘व्हीए’ अक्षरे येतात, शुल्क वीस हजार रुपये, आणि रोजच्या वापराला गाडी काढता येत नाही. सोयीचे इंजिन की मूळचे, हे शोधणाऱ्याला सौदा करण्याआधीच ठरवावे लागते. मूळचेच शोधावे. पत्रा आणि इंजिन दोन्ही बदलल्यावर जुने म्हणून उरते ते फक्त आरसी बुक.

पुण्यात टेल्कोने १९९२ साली टाटा इस्टेट आणली, टाटामोबाइल पिकअपच्या पायावर, दोन लिटरच्या आसपासच्या डिझेल इंजिनाची. तीही आता रस्त्यावर क्वचितच दिसते. पन्नाशी गाठायला तिला २०४२ उजाडेल, आणि तोवर ती कायद्याच्या लेखी नुसती जुनी गाडी. आज ती भंगारवाल्याकडे पाठवू नये, मागच्या दारासकट तिला छपराखाली ठेवावे.