उष्णतेचे नियम, उत्क्रांती आणि आपल्या पायाखालचा काळा दगड

मंडळी, आज आपण एका भांडणाचा इतिहास पाहणार आहोत. हे भांडण एकोणिसाव्या शतकातलं, उष्णतेचे नियम आणि उत्क्रांती यांच्यामधलं. ते झालं ब्रिटनमध्ये, पण त्याचा एक साक्षीदार इथं वेळापुरात आहे. विहीर खणताना मुरमाखाली लागतो तो काळा पाषाण. त्याच्याकडे आपण येऊच.

आधी नियम समजून घेऊ. आषाढी वारीत माउलींची पालखी वेळापूरजवळ आली की वारकरी उतारावरून धावा करतात. हे बळ येतं कुठून? खाल्लेल्या भाकरीतून. आणि धावून झाल्यावर अंग तापतं, घाम फुटतो. १८४० साली रॉबर्ट मायर हा जर्मन डॉक्टर जहाजावरून जावाला गेला होता. खलाशांचं रक्त काढताना शिरांमधलं रक्त त्याला नेहमीपेक्षा लाल दिसलं. उष्ण प्रदेशात ऊब टिकवायला शरीर अन्न कमी जाळतं, म्हणून रक्तात प्राणवायू जास्त उरतो, असं त्यानं ताडलं. तोच धागा धरून १८४२ मध्ये त्यानं मांडलं की ऊर्जा नष्ट होत नाही, फक्त रूप बदलते. म्हणजे पहिल्या नियमाची एक वाट जिवंत माणसाच्या शरीरातूनच निघाली.

दुसरा नियम आपण चुलीपाशी रोज बघतो. तापलेला तवा आपोआप गार होतो, गार तवा आपोआप तापत नाही. १८६५ मध्ये क्लाउसियसनं या एकाच दिशेनं जाणाऱ्या विस्कटण्याच्या मापाला एन्ट्रॉपी हे नाव दिलं.

आता भांडण. १८५९ मध्ये डार्विनचा ग्रंथ आला. त्याच्या उत्क्रांतीला अफाट काळ हवा होता. १८६२ मध्ये विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी पृथ्वीला गार होत जाणारा तवा समजून हिशेब केला. वय निघालं २ ते ४० कोटी वर्षं. १८९७ पर्यंत त्यांनी ते २ ते ४ कोटींवर आणलं. एवढ्या वेळात मंद गतीनं माणूस कसा घडायचा? डार्विनला ही अडचण फार सलत होती. १८८२ मध्ये तो गेला, तेव्हाही ती सुटलेली नव्हती.

केल्विनचं गणित चुकलं नव्हतं, गृहीत चुकलं होतं. त्यांचाच जुना सहायक जॉन पेरी यानं १८९५ मध्ये दाखवलं की पृथ्वीच्या पोटात उष्णता सहज फिरत असेल, तर वय कितीतरी वाढतं. १८९६ मध्ये बेकरेलला किरणोत्सर्ग सापडला. १९०३ मध्ये पिएर क्युरी यांनी रेडियम सतत उष्णता देतं हे मोजून दाखवलं. म्हणजे उष्णतेचा एक झरा हिशेबाबाहेरच राहिला होता. त्याच किरणोत्सर्गातून पुढे दगडांचं वय मोजायची रीत मिळाली. १९५६ मध्ये क्लेअर पॅटरसननं पृथ्वीचं वय सुमारे ४५५ कोटी वर्षं ठरवलं. आणि आपला काळा पाषाण? दख्खनच्या लाव्हाचा तो थर, साधारण ६.६ कोटी वर्षांचा. केल्विनच्या शेवटच्या हिशेबातल्या अख्ख्या पृथ्वीपेक्षा आपल्या विहिरीतला दगड जुना!

दुसरं भांडण आजही कानावर येतं. सगळं विस्कटत जातं, मग जीवसृष्टी अधिकाधिक गुंतागुंतीची कशी झाली? उत्तर आपल्या उसाच्या फडात आहे. हवेतला वायू आणि कालव्याचं पाणी यांतून ऊस साखर बांधतो, पण सूर्याच्या जोरावर. आलेल्या प्रकाशातला थोडाच भाग साखरेत जातो, बाकीचा उष्णता होऊन विखुरतो. एकूण हिशेबात विस्कटणं वाढतंच. दुसरा नियम बंदिस्त व्यवस्थेसाठी आहे, आणि जीव बंदिस्त नसतो. १८८६ मध्ये बोल्ट्झमननं व्हिएन्नात सांगितलं होतं की सजीवांची झटापट याच उतरणीचा फायदा घेण्यासाठी चाललेली असते. १९४३ मध्ये श्रोडिंगरनं डब्लिनच्या व्याख्यानांत तो विचार पुढे नेला. सजीव आपली घडी राखतो ती बाहेरून सुव्यवस्था घेऊन, आणि तो आतली विस्कट बाहेर टाकतो.

म्हणून, मंडळी, कुणी नियमाचं नाव घेऊन 'हे शक्यच नाही' असं म्हणालं, तर आपण दोन प्रश्न विचारायचे. हिशेबात काय धरलंय? आणि काय राहून गेलंय? एकदा पृथ्वीचं पोट राहून गेलं होतं, एकदा सूर्य.