गाडीवरचं मेण

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या काकांची फियाट दारात उभी राहायची. आम्हा भावंडांना एकेक दार वाटून दिलेलं असे. पत्र्याच्या डब्यातलं घट्ट मेण फडक्यावर घ्यायचं, गोल गोल चोळायचं, पांढरट साय धरली की कोरड्या फडक्यानं पुसून काढायचं. हात भरून येत. दुसऱ्या दिवशी झेंडूची माळ दोनदा दिसायची, एकदा खरी आणि एकदा बॉनेटमध्ये. गाडीला मेण का लावायचं, हे मात्र आम्ही कधी विचारलं नाही. त्याचं उत्तर शोधायला पार बग्गीच्या काळात जावं लागतं.

सुरुवातीच्या मोटारी म्हणजे घोडा सोडून घेतलेल्या बग्ग्याच होत्या आणि त्यांचे रंगारीही तेच होते. तेलाचा रंग आणि व्हार्निश यांचे थरावर थर हातानं द्यायचे. प्रत्येक थर वाळू द्यायचा, प्यूमिस दगडाच्या पुडीनं घासायचा, मग पुढचा. एकेका गाडीला कित्येक आठवडे लागत. चकाकी अप्रतिम, पण काही काळानं व्हार्निश पिवळं पडे, तडके. हेन्री फोर्डनं यातून आपल्यापुरता मार्ग काढला. त्याची 'मॉडेल टी' १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळ्या रंगात मिळे. डांबराच्या जातीचं काळं इनॅमल भट्टीत भाजून पक्कं केलेलं असे. स्वस्त आणि दणकट, पण रंग एकच.

बाकीच्यांना रंगीत गाड्या विकायच्या होत्या, आणि त्या झटपट. ही कोंडी अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीनं फोडली. ही मूळची दारूगोळ्याची कंपनी. स्फोटकांत वापरतात त्या नायट्रोसेल्युलोजशी तिचा जुना परिचय. १९२० च्या सुमारास तिथल्या रसायनतज्ज्ञांना या पदार्थाचं घट्ट द्रावण पातळ करण्याची युक्ती सापडली. पातळ म्हणजे फवाऱ्यानं मारता येईल असं, तरी रंग भरपूर धरणारं. १९२३ साली हे 'ड्यूको' या नावानं आलं आणि १९२४ च्या ओकलंड मोटारींवर त्याचा निळा रंग झळकला. आठवड्यांचं काम तासांवर आलं. आपल्याकडे सुतार आणि गॅरेजवाले अजून 'ड्यूको मारायचा का?' असं विचारतात, ते नाव तिथून आलं. गॅरेजमध्ये ज्याला 'एनसी' म्हणतात, तो रंगही याच कुळातला.

या जातीच्या रंगाला इंग्रजीत 'लॅकर' म्हणतात. तो शब्द पोर्तुगीज भाषेतून गेला, पण त्याचं मूळ संस्कृत 'लाक्षा' म्हणजे आपली लाख. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांवर जी चमकते ना, तीच. मोटारीवरच्या लॅकरमध्ये लाखेचा अंश नव्हता, नाव तेवढं राहिलं.

पण ड्यूकोची एक खोड होती. फवाऱ्यातून उतरलेला हा रंग फारसा चमकत नसे. घासूनच त्याची चकाकी वर आणावी लागे. ती आणली तरी उन्हात वर्ष-दोन वर्षं उभी राहिली की गाडी खडू फासल्यासारखी मंद दिसे. कारखान्यात जे आठवडे वाचले, ते गाडीच्या मालकाकडून, खरं तर त्याच्या ड्रायव्हर-क्लीनरच्या दंडांतून, वसूल होऊ लागले. रविवारची गाडीची मालिश जी सुरू झाली ती यातून.

इथे एक फरक सांगितला पाहिजे, कारण आपण दोन्हीला सर्रास 'पॉलिश' म्हणतो. पॉलिशमध्ये बारीक खर असते. ती मेलेला रंग खरवडून काढते, खालचा ताजा रंग उघडा पडतो. मेण काहीच काढत नाही, उलट एक पातळ थर चढवतं. म्हणून आधी पॉलिश, मग मेण. शिकागोच्या 'सायमनाइझ' या मालाचा तर इतका बोलबाला झाला, की अमेरिकेत गाडी चमकवणं या अर्थाचं ते क्रियापदच बनलं.

या डब्यांतला सर्वांत मौल्यवान घटक ब्राझीलचा. ईशान्य ब्राझीलच्या कोरड्या प्रदेशात, सियारा आणि पियावी या राज्यांत, कार्नोबा नावाचा ताड उगवतो. पानातलं पाणी उन्हानं उडून जाऊ नये म्हणून हे झाड पानांवर मेणाची पुटं चढवतं. नैसर्गिक मेणांत इतकं कठीण दुसरं नाही. ८० अंशांच्या वर तापल्याशिवाय ते वितळत नाही. मधमाशीचं मेण ६० च्या पुढे थोडं गेलं की वितळतं. उन्हातल्या बॉनेटवर कार्नोबा का टिकतं, ते यावरून कळेल.

१९३५ साली जॉन्सन या अमेरिकी मेण-कंपनीचे प्रमुख एच. एफ. जॉन्सन हे झाड पाहायला स्वतः छोट्या उभयचर विमानातून ब्राझीलला गेले. मेणाचा पुरवठा पुढे पुरेल का, ही त्यांची चिंता. १९९८ साली त्यांच्या मुलानं तसंच विमान बांधवून तोच प्रवास पुन्हा केला. या हवाई सफरीवर चित्रपटही निघाला.

झाडाखालच्या माणसांची कथा मात्र फार उशिरा सांगितली गेली. लांब काठीला विळा बांधून ही पानं उंचावरून कापतात. देठांना काटे असतात. पानं उन्हात वाळवून झोडपली की मेणाची भुकटी झडते. कोरड्या ऋतूतलं हे हंगामी काम, मजूर बहुतेक गरीब. ब्राझीलच्या कामगार निरीक्षकांनी अलीकडच्या वर्षांत या हंगामातून गुलामीसारख्या अवस्थेतले मजूर सोडवले आहेत. ना पिण्याचं स्वच्छ पाणी, ना संडास, झोपायला झाडाखालची जागा. २०१७ साली जर्मन दूरचित्रवाणीनं हे दाखवल्यावर युरोपात खळबळ उडाली, तीही मोटारींमुळे नव्हे. लहान मुलांच्या चघळायच्या गोळ्यांना हेच मेण लावतात, म्हणून.

दरम्यान मोटारीचा रंग बदलला. दुसऱ्या महायुद्धानंतर पॉलिशमध्ये सिलिकोन आलं, पुसणं सोपं झालं. १९८० च्या दशकात रंगावर पारदर्शक 'क्लिअर कोट' देण्याची पद्धत रुळली. चकाकी आता त्या काचेसारख्या थराची असते आणि तो साधारण ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ. दर दिवाळीला 'रबिंग मारून द्या' म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. प्रत्येक रबिंग त्यातलाच थोडा भाग कापडावर घेऊन जातं. मेण कितीही वेळा लावा, धोका नाही.

काकांना हे कुणी सांगितलं नव्हतं. एका वर्षी चकाकी कमी वाटली म्हणून त्यांनी गाडी ओळखीच्या गॅरेजात दिली. तिथल्या पोऱ्यानं दिवसभर मनापासून घासलं. संध्याकाळी गाडी आरशासारखी होऊन आली आणि बॉनेटच्या दोन्ही कडांना खालचा तांबडा प्रायमर डोकावत होता. काका त्या पोऱ्याला एक शब्द बोलले नाहीत. पुढच्या दसऱ्याला माळ घालताना त्यांनी ती मुद्दाम लांब केली, दोन्ही कडा झाकतील अशी.