अकुटानचे गवत

अलास्कापासून पश्चिमेकडे कमानीसारखी पसरत गेलेली जी अल्युशियन बेटांची रांग आहे, तिच्यातील अकुटान नावाच्या, वृक्षहीन आणि धुक्याने वेढलेल्या बेटावर दिनांक ४ जून १९४२ रोजी जे घडले, ते तिघा जपानी वैमानिकांखेरीज कोणाच्याही दृष्टीस पडले नाही. आणि त्या तिघांपैकी एक तर तेथेच गतप्राण झाला.

तिकडे मिडवेपाशी मुख्य संग्राम पेटलेला असता, जपानी आरमाराची एक तुकडी डच हार्बर येथील अमेरिकन ठाण्यावर चालून गेली होती. तिच्यातील रयूजो या विमानवाहू नौकेवरून एकोणीस वर्षांचा तादायोशी कोगा, एंडो आणि शिकादा या सोबत्यांसह, झीरो जातीचे लढाऊ विमान घेऊन निघाला. जमिनीवरून सुटलेल्या एका गोळीने त्याच्या इंजिनाची तेलाची नळी तुटली. अशा प्रसंगी उतरण्यासाठी अकुटान आगाऊ नेमून दिलेले होते व वैमानिकाला उचलून नेण्यास पाणबुडीचा बंदोबस्तही होता. वरून पाहता तेथे हिरव्या गवताचे सपाट मैदान दिसे. कोगाने चाके खाली सोडली. गवताच्या बुडाशी पाणी चमकत असल्याचे शिकादाच्या ध्यानी आले, तोवर वेळ टळून गेली होती. चाके दलदलीत रुतली आणि विमान पालथे झाले.

शत्रूच्या मुलखात पडलेले झीरो तत्काळ नष्ट करावे, असा सक्त हुकूम होता, आणि तो अकारण नव्हता. जिरो होरिकोशी यांनी आखलेले हे विमान जपानी राजशकाच्या २६०० व्या वर्षी, म्हणजे १९४० साली, सेवेत आले, म्हणून त्यास 'शून्य' हे नाव. वैमानिकाच्या पाठीशी चिलखती पत्रा नाही, गोळी लागताच आपोआप बुजणाऱ्या इंधनटाक्या नाहीत, असे वजन हरप्रकारे काटून ते इतके हलके केले होते की, त्याच्यासारखे वळण घेणे प्रतिपक्षाच्या विमानांना साधत नसे. त्याचे मर्म शत्रूच्या हाती जाऊ नये, एवढाच त्या हुकुमाचा अर्थ. परंतु पालथ्या विमानात कोगा जिवंत असेल, या आशेने दोघा सोबत्यांचे हात बंदुकीच्या कळीवर आखडले. घिरट्या घालून ते परत गेले. पाणबुडीलाही तो सापडला नाही. आज्ञाभंग म्हणून या घटनेची नोंद कोणी करो, मला तर त्या दिवसाच्या साऱ्या संहारात माणुसकीचा एवढा एकच क्षण दिसतो.

पाच आठवड्यांनी, १० जुलै रोजी, गस्तीवर वाट चुकलेल्या एका अमेरिकन कॅटालिना विमानातील लोकांना ते अवशेष दिसले. कोगा पट्ट्यांनी जखडलेला, उलटा लोंबकळत होता. त्याचे मस्तक दलदलीच्या पाण्यात बुडालेले होते. त्याला जवळच पुरण्यात आले, आणि विमान मात्र मोठ्या जतनाने उचलून सॅन दिएगोस रवाना झाले.

तेथे दुरुस्ती होऊन २० सप्टेंबर रोजी एडी सँडर्स या नौदल अधिकाऱ्याने ते आकाशात नेले व पुढील पंचवीस दिवसांत चोवीस उड्डाणे केली. अतिवेगात त्याचे पंख कलवणे जड जाते, त्यातही उजवीकडे अधिक. आणि नाक एकदम खाली दाबल्यास कार्ब्युरेटरच्या रचनेमुळे इंजिन बंद पडते, हे उघड झाले. पाठीवर झीरो आला असता एकदम सूर मारावा आणि वेग येताच उजवीकडे वळावे, असा उपदेश अमेरिकन वैमानिकांना मिळाला. ग्रमन हेलकॅट हे विमान याच झीरोवरून घडवले, असे पुष्कळदा सांगितले जाते. ते मात्र खरे नव्हे, कारण हेलकॅटचा पहिला नमुना २६ जून १९४२ रोजी, म्हणजे अकुटानचे विमान सापडण्यापूर्वीच, उडाला होता. त्या विमानाने नवे यंत्र दिले नाही, प्रतिपक्षाच्या मनातील दहशत मात्र हटवली.

फेब्रुवारी १९४५ मध्ये सॅन दिएगो येथेच धावपट्टीकडे जात असता मागून आलेल्या एका अमेरिकन हेलडायव्हरच्या पंख्याने त्याचे तुकडे केले. त्यातील काही उपकरणे संग्रहालयात जपली गेली. कोगाच्या अस्थी १९४७ साली अकुटानहून काढून किस्का बेटावर नेल्या गेल्या आणि १९५३ साली तेथील इतर मृतांबरोबर, नावाची ओळख न पटलेल्या, जपानला परतल्या. पुढे १९८८ साली त्याची कबर शोधीत कोणी अकुटानला गेले, तेव्हा ती रिकामी होती, आणि भोवताली तेच गवत होते.